पुंगोलचा किल्ला आणि व्हायकिंगांचं जहाज

यंदा आमच्या घरी दिवाळीचा किल्ला होणार की नाही, हा प्रश्न सप्टेंबरातच निघाला आणि तो काढला माझ्या दहा वर्षांच्या मुलीने. वरणभात कालवता कालवता रेवा म्हणाली, "बाबा, धिस इयर नो किल्ला. आपण व्हायकिंग शिप करूया." आज भाजी कोणती, एवढंच जणू ठरवायचं होतं!

ज्यांना आमचा किल्ला माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही सिंगापूरला पुंगोलमध्ये एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीच्या, फ्लॅटमध्ये राहतो. अंगण नाही, गॅलरी नाही, आणि कॉरिडॉरमध्ये पसारा मांडलेला चालत नाही. म्हणून किल्ला हॉलमध्ये होतो. खाली बाथरूमचा जुना पडदा, त्यावर पुठ्ठ्याची खोकी, त्यावर भिजवलेले कागद आणि नर्सरीतून आणलेली पोतंभर माती. मावळे सासुरवाडीहून, म्हणजे पुण्याहून, मोज्यांत गुंडाळून आणलेले आहेत. हिरवळीसाठी अळीव लिटल इंडियात मिळतात. माझी बायको मानसी या सगळ्याला दरवर्षी "तुमचा चिखल" म्हणते आणि दरवर्षी फोटो मात्र तीच काढते.

माझं ऑफिस क्वीन्सटाउनच्या बाजूला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी घरी पोचतो तेव्हा रेवा एक तर ट्यूशनला असते, नाही तर गृहपाठात बुडालेली. शाळा इंग्रजी, मैत्रिणी इंग्रजी, भांडण इंग्रजी. किल्ल्याच्या त्या चार दिवसांतच ती माझ्या शेजारी तासन्‌तास मांडी घालून बसते आणि मराठीत बडबडते, कारण बुरूज, खंदक, तटबंदी हे शब्द तिला दुसऱ्या कुठल्या भाषेत येतच नाहीत. त्यामुळे किल्ला गेला तर मुलगीही हातातून थोडी निसटणार, अशी मला सरळ सरळ भीती वाटली. आणि भीती वाटली की मी जे करतो तेच केलं. रुसून बसलो.

"लहान मुलासारखा तोंड फुगवून काय बसलायस?" मानसी म्हणाली. "लायब्ररीतलं ते जाड पुस्तक आणल्यापासून तिच्या डोक्यात व्हायकिंग आहेत. शहरात त्यांचं फिरतं प्रदर्शन आलंय. शाळेला सुट्टी आहे. जा तिला घेऊन, आणि जरा तिच्या माणसांना भेटून ये." तिला स्वतःला ऑडिटची कामं होती, त्यामुळे मोहिमेवर आम्ही दोघंच निघालो.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तिकीट वेळेच्या स्लॉटप्रमाणे ऑनलाइन काढा, शनिवारी सकाळचा पहिला स्लॉट घ्या, गर्दी कमी असते. बाहेरून आलेलं प्रदर्शन असल्यामुळे पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, असलात तरी सूट नाही, आणि दोघांचं तिकीट काढताना माझा हात जरा अडखळला, पण मुलांना कमी दर आहे. दुसरं म्हणजे मुलांना जॅकेट न्या. आत एसी असा लावलेला असतो की व्हायकिंगांना घरच्यासारखं वाटावं.

घराखालून एलआरटीची छोटी गाडी, मग पुंगोल स्टेशनवरून मेट्रोची जांभळी लाइन थेट धोबी घाटपर्यंत. पुंगोल लाइनच्या टोकाकडे, त्यामुळे बसायला जागा हमखास. गाडी सुटली तशी रेवाने माझ्याकडे वळून अट घातली.

"बाबा, आत गेल्यावर तू 'आपल्याकडे पण' म्हणायचं नाही."

"म्हणजे?"

"यू ऑल्वेज डू इट. काही पण दाखवलं की तू म्हणतो, आपल्याकडे पण आहे, आपल्याकडे मोठं आहे, आपल्याकडे आधी होतं. मग माझी गोष्ट स्मॉल होऊन जाते."

डब्यात समोर बसलेल्या आजीबाई मोबाइलमधून मान वर करून हसल्या. त्यांना मराठी येत असण्याची शक्यता नव्हती, पण बापाला मुलगी सुनावते आहे हे कुठल्याही भाषेत कळतं. मी म्हटलं, "बरं. आणि म्हटलं तर?"

"देन पनिशमेंट. तिथे जाऊन सांगते."

पहिल्याच दालनात माझा एक जन्मभराचा समज गेला. व्हायकिंग म्हटलं की डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण, असं मी धरून चाललो होतो. काचेमागे साधी, गोल, लोखंडी टोपी होती, नाकावर एक पट्टी आलेली. "हॉर्न्स इज फेक लाह," रेवा शेवटी सिंगापुरी "लाह" जोडून मला समजावत म्हणाली, "ते नंतर लोकांनी ड्रॉइंगमध्ये लावले." पुढे तलवारी असतील म्हणून मी सरसावलो, तर होत्या फण्या. हरणाच्या शिंगापासून कोरलेल्या, बारीक दात्यांच्या, नक्षीदार फण्या, आणि त्यांच्या शेजारी चिमटे आणि कानकोरणं. ही माणसं केस विंचरायची, दाढी राखायची आणि दर शनिवारी अंघोळ करायची. त्यांच्या भाषेत शनिवारचं नावच अंघोळीचा वार असं होतं, असं फलकावर लिहिलेलं होतं. इतक्या सुबक फण्या करणारे लोक केवळ लुटारू कसे असतील, असं मला तिथे उभं राहून वाटलं. आणि त्या कौतुकाच्या भरात मी बोलून गेलो, "आपल्याकडे पण पूर्वी अशा हस्तिदंती फण्या..."

"हां!" रेवा एवढ्या जोरात ओरडली की सुरक्षारक्षक वळून बघू लागला.

शिक्षा तिथेच कोपऱ्यात तयार होती. मुलांसाठी एक टेबल मांडलं होतं, पुठ्ठ्याचं शिरस्त्राण स्वतः कापून, रंगवून, डोक्यावर घालायचं. रेवाने ते मन लावून केलं, नाकावरच्या पट्टीसकट, आणि माझ्या डोक्यावर चढवलं. दिवसभर काढायचं नाही, हा निकाल. टक्कल झाकलं गेलं, एवढाच फायदा.

त्यानंतर मी जीभ दातांखाली धरून चाललो. मातीच्या तटाच्या गोल गढीचं एक मॉडेल होतं. चार दिशांना चार दरवाजे आणि एकही बुरूज नाही! माझ्यातला किल्लेदार तळमळला. "बुरूज नाहीत, कोणीही घेईल," एवढंच मी पुटपुटलो. रेवाने क्षणभर विचार करून तो गुन्हा धरला नाही. मग एका कबरीतले मणी आले, लालसर, पाणीदार अकीक. हे दगड बहुधा फार दूरच्या पूर्वेकडून, कदाचित भारतातून, हातोहात उत्तरेकडे पोचले असावेत, असं खाली लिहिलं होतं. "आपल्याकडे" अगदी ओठांवर आलं होतं. मी काचेला नाक लावून नुसता उभा राहिलो. रेवा माझ्याकडे रोखून बघत होती.

आणि मग ते जहाज.

अंधाऱ्या दालनात छतापासून बारीक तारा सोडल्या होत्या आणि प्रत्येक तारेवर गंजलेले लोखंडी खिळे. नुसते खिळे. बाकी काही नाही. पण दोन पावलं मागे सरकलं की हवेत अख्खं जहाज दिसतं, त्याचा पुढचा उंच भाग, फुगीर पोट, निमुळतं होत गेलेलं टोक. दालनात एक स्वयंसेवक बाई होत्या, पिकलेल्या केसांच्या, गळ्यात ओळखपत्र, निवृत्त शिक्षिका शोभाव्यात अशा. त्यांनी रेवाला जवळ बोलावून समजावलं की मालकाबरोबर हे जहाजही जमिनीत पुरलं होतं. लाकूड हजार वर्षांत कुजून माती झालं, पण खिळे जिथल्या तिथे राहिले. खणणाऱ्यांनी एकेका खिळ्याची जागा मोजून घेतली आणि इथे ते तसेच टांगले.

"सो द शिप इज नॉट हिअर?" रेवाने विचारलं.

"नॉट हिअर," त्या म्हणाल्या, "बट यू कॅन सी, राइट?"

रेवाने मान हलवली. मग आम्ही दोघं खाली जमिनीवर बसलो, जहाजाच्या पोटाखाली, आणि वर बघत राहिलो. मी आजवर बरीच संग्रहालयं पाहिली आहेत, पण नसलेली वस्तू इतकी डोळ्यांत भरल्याचं आठवत नाही. ज्याने हे टांगलं त्याला हात जोडावेत असं वाटलं. एसीच्या झुळकीने खिळे किंचित हलायचे आणि जहाज श्वास घेतल्यासारखं वाटायचं. किती वेळ बसलो कोण जाणे. तुम्ही गेलात तर घाई करू नका, इथे बसा.

शेवटच्या दालनात दगड होते. मूळ दगड एवढे जड की येणं शक्य नाही, म्हणून प्रतिकृती, पण खऱ्या आकाराच्या. काहींवर सापासारख्या वळणदार पट्टीत अक्षरं कोरलेली होती आणि शेजारी अर्थ दिला होता. बहुतेकांचा मजकूर एकच, फक्त नावं वेगळी. अमुकने हा दगड आपल्या बापासाठी उभा केला. तमुकने आपल्या भावासाठी. रेवा एकेक वाचत पुढे गेली आणि मी एका उंच दगडापाशी थबकलो.

त्यावर अक्षरं नव्हती, चित्रं होती. खाली जहाज, चौकटीचौकटीच्या शिडाचं, वल्ही मारणारी माणसं. त्याच्या वर लढाई. आणि सर्वांत वर मेलेला वीर घोड्यावर बसून त्यांच्या स्वर्गात पोचतोय, आणि एक बाई पेयाने भरलेलं शिंग पुढे करून त्याचं स्वागत करतेय.

माझा जन्म बोरिवलीचा. तिथे एक्सर गावात वीरगळ आहेत. शाळेतून येताना आम्ही त्यांच्या बाजूने जायचो. मेलेल्या योद्ध्यांचे उंच दगड, आडव्या पट्ट्यांत कोरलेले, खालून वर वाचायचे. खाली जहाजांच्या रांगा आणि वल्ही, वर लढाई, त्याच्यावर अप्सरा त्या वीराला घेऊन चालल्या आहेत, आणि टोकाला कैलास. तीच गोष्ट, त्याच क्रमाने. या दोन समुद्रांच्या माणसांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नसेल! आणि माझ्या डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी होती आणि मला बोलायची बंदी होती.

रेवा परत आली, माझी बाही ओढली.

"बाबा, चल ना. व्हॉट हॅपन्ड? व्हाय सो क्वाएट?"

"काही नाही."

"तुला आवडला नाही हा?"

"खूप आवडला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दगडाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "आपल्याकडे असं असतं?" तिने विचारलं.

खरं सांगतो, त्या प्रश्नाने मला जितका आनंद झाला तितका गेल्या वर्षी प्रमोशन मिळालं तेव्हाही झाला नव्हता. मी फोन काढून वीरगळाचा फोटो शोधला. आम्ही तो दगडाच्या शेजारी धरला आणि खालून वर बोट फिरवत गेलो. जहाज, जहाज. लढाई, लढाई. बाई, बायका. रेवा दर पायरीला "व्होआ" म्हणत होती. यावेळी मी मोठं कोण, आधी कोण, काहीही म्हटलं नाही. त्याची गरजच वाटली नाही.

"हा माणूस कोण? नाव काय?" तिने फोटोतल्या वीरावर बोट ठेवलं.

"माहीत नाही. त्यावर लिहिलेलं नाही."

"इथे सगळ्यांनी नाव लिहिलं. बापाचं पण, आपलं पण." तिला खरंच वाईट वाटलं होतं. "सो सॅड. त्याच्या मुलीने लिहायला पाहिजे होतं."

जेवायला आम्ही जवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे स्वस्त खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत गेलो. तिने चिकन राइस घेतला, मी शाकाहारी बी हून, म्हणजे तांदळाच्या नूडल्स, आणि वर कोपी, म्हणजे इथली कॉफी. प्रदर्शनाच्या कॅफेत एका सँडविचला जेवढे पडले असते तेवढ्यात दोघांचं पोटभर झालं, तेव्हा बाहेरच जेवा. टोपी घालूनच मी नूडल्स खाल्ल्या. घरी जाताना गाडीतही ती डोक्यावर होती. सिंगापुरात एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, कोणी कोणाकडे बघत नाही, या शिष्टाचाराचे मी त्या दिवशी मनापासून आभार मानले.

दुसऱ्या दिवशी रविवारी पुन्हा बाहेर पडायचं असं ठरलं नव्हतं. पण रात्रीच्या जेवणाला मी सहज म्हटलं, नदीकाठच्या संग्रहालयात व्हायकिंगांच्याच काळातलं एक बुडालेलं जहाज आहे, अरबांचं, चीनहून माल भरून निघालेलं. रेवाने विचारलं, "त्यात खिळे आहेत?" मी म्हटलं, बघू. मला खरंच ठाऊक नव्हतं.

धोबी घाटला लाइन बदलून रॅफल्स प्लेस, तिथून नदीवरचा जुना पूल चालत ओलांडला की समोर पांढरी इमारत. कायमची दालनं नागरिक आणि पीआर मंडळींना फुकट आहेत, त्यामुळे तासाभरासाठीही जायला हरकत नाही. जहाज इंडोनेशियाच्या एका बेटाजवळ सापडलं. त्यातले मातीचे वाडगे इथे लाटेसारखे मांडले आहेत, हजारो, एकाच आकाराचे, प्रत्येकावर वेगळी चित्रं. मासा, पक्षी, ढग, एकावर नुसते फटकारे. एकेका मोठ्या रांजणात ते गोल गोल रचून भरले होते. आमच्याकडे मानसी मुव्हर्सच्या माणसांना भांडी अशीच भरायला लावते. कारागिराने दिवसाला शेकड्यांनी काढले असतील, तरी हात कुठे कंटाळलेला दिसत नाही. मी बघतच राहिलो.

रेवाला वाडग्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ती थेट जहाजाच्या मॉडेलपाशी गेली, फलक वाचला आणि धावत परत आली.

"बाबा! नो नेल्स! शिवलंय!"

फळ्यांना भोकं पाडून दोराने एकमेकींना शिवलं होतं, एकही खिळा नाही. ती तिथेच जमिनीवर बसली आणि म्हणाली, "काल एका शिपचे ओन्ली नेल्स होते. आज एका शिपला नेल्सच नाहीत. सेम टाइम. बाबा, दे डिड नॉट नो ईच अदर, राइट?"

"बहुतेक नाही."

"कोणीतरी त्यांना इंट्रोड्यूस करायला पाहिजे होतं," ती म्हणाली, आणि विचारात पडली.

त्यानंतर सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, आणि किल्ल्याचा विषय मी काढला नाही. मी ठरवलं होतं, जहाज तर जहाज. तिच्या माणसांना भेटून आलो होतो आणि मला ती आवडली होती. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी रेवाने बाथरूमचा जुना पडदा स्वतः काढून हॉलमध्ये अंथरला आणि मला काम दिलं. "बाबा, तू समुद्र कर." इतकी वर्षं मी मालक होतो आणि ती माती कालवायची. आता मी निळ्या पिशव्या कापत बसलो आणि ती हुकूम सोडत होती. जहाज पुठ्ठ्याचं. डावी बाजू स्टेपलरने ठोकलेली, उजवी सुईदोऱ्याने शिवलेली, टाके मोठे मोठे पण घट्ट.

"जहाज कुठेतरी पोचायला पाहिजे ना," ती म्हणाली, आणि समुद्राच्या कडेला खोकी रचायला लागली. माती आली. तट आला. बुरूज आले, आणि "खंदक इकडून घे, बाबा, तिकडून पाणी गळेल" हेही आलं. मी नुसती माती देत राहिलो. मोज्यांतून मावळे निघाले आणि किनाऱ्यावर रांगेत उभे राहिले.

"लढाई?" मी विचारलं.

"नाही. ते फण्या विकत घेतायत. आणि कानकोरणं."

संग्रहालयांच्या त्या दोन दिवसांचं काय उरलं, असं मला ऑफिसात कोणी विचारलं तर मी खिळ्यांचं ते जहाज सांगतो, कारण खरंच तसं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. मुलं असतील तर त्यांना घेऊन जा, आणि जाताना आपली शेखी घरी ठेवा. सगळं दुप्पट दिसतं. पण मला जे उरलं ते सोमवारी संध्याकाळी कळलं. ऑफिसातून आलो तर किल्ल्याच्या पायथ्याशी राखाडी क्लेचा एक वीतभर दगड उभा होता. खाली चष्मेवाला, पोट सुटलेला एक माणूस लॅपटॉपसमोर, चारी बाजूंनी त्याच्यावर बाण येतायत. मध्ये तोच माणूस रेल्वेच्या डब्यात, डोक्यावर टोपी. वर तो सोफ्यावर बसलाय आणि एक बाई त्याला कप देतेय.

"ही अप्सरा कोण?"

"आई. चहा आहे तो."

मी खाली बसून वाकून पाहिलं, तर पायाशी टाचणीने वेड्यावाकड्या अक्षरांत कोरलं होतं: रेवाने हा दगड बाबासाठी उभा केला.

"म्हणजे मी मेलो की काय?" मी हसत विचारलं.

"नॉट येट लाह." ती माझ्याशेजारी मांडी घालून बसली. "पण पुढच्या वर्षी प्रायमरी फाइव्ह, मग पीएसएलईची मोठी परीक्षा. मग सेकंडरी. मला टाइम नसेल, बाबा. म्हणून आत्ताच केला."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. रेवाने घाईघाईने दगड माझ्या हनुवटीखालून बाजूला सरकवला.

"इथे नको ना, बाबा. क्ले अजून वाळली नाहीये."